दोन इंचांचा मासा आणि दोन फुटी टँक

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बहुतेक तशीच ठेवली आहेत.)

आजचा भाग घरच्या फिश टँकवर आहे आणि त्यातही एकाच प्रश्नावर: मासा निवडताना त्याचा कोणता आकार धरायचा? दुकानात दिसतो तो, की तो मोठा झाल्यावर होणार तो?

उत्तर सोपं वाटतं. पण दुकानात गेल्यावर ते डोक्यातून निघून जातं. कारण समोर काचेत सगळेच मासे दीड-दोन इंचांचे असतात. ऑस्कर दोन इंचांचा, निऑन टेट्रा इंचभर, शार्क अडीच इंचांचा, सकर दोन इंचांचा. सगळे एका वयाचे, एका उंचीचे, बालवाडीतल्या मुलांसारखे. त्यातला कोण पाच फुटी होणार आणि कोण साडेसहा फुटी, हे बघून कळत नाही.

आपण एक यादी घेऊया. दोन फुटी टँक नवीन घेतलाय आणि घरातली मंडळी मासे आणायला गेलीत, तर पिशव्यांमध्ये साधारण काय घरी येतं? दोन गोल्डफिश, कारण ते सगळ्यांना ओळखीचे. दोन शार्क, कारण मुलांना शार्क हवाच असतो. दोन एंजल, दिसायला सुंदर म्हणून. सहा निऑन, चमकतात म्हणून. आणि शेवटी दुकानदार म्हणतो, ‘एक सकर टाका, टँक साफ ठेवतो.’ झाले तेरा मासे. टँकमध्ये सोडल्यावर छान दिसतात, गर्दीही वाटत नाही. आज पूर्ण वेळ आपण या तेरा माशांच्या मागे जाणार आहोत.

मोठे झाल्यावर किती?

सकरपासून सुरू करतो. आपल्याकडे सकर म्हणून जो विकतात तो बहुतेक वेळा कॉमन प्लेको. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. दुकानात पाच-सहा सेंटिमीटरचा असतो. पूर्ण वाढला की ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो, ४० ते ४५ सुद्धा होतो. म्हणजे दीड फूट. आपला टँक दोन फुटांचा आहे, हे लक्षात ठेवा.

आता शार्क. हा खरा शार्क नसतोच, फक्त पाठीवरच्या पराच्या आकारावरून नाव पडलंय. या नावाखाली दुकानात दोन-तीन वेगळे मासे मिळतात. चंदेरी अंगाचा, पंखांना काळी किनार असलेला तो बाला शार्क. तो ३० ते ३५ सेंटिमीटर होतो, वेगाने पोहतो आणि घोळक्याने राहतो. दुसरा असतो गुळगुळीत अंगाचा, मिशावाला, कधी राखाडी तर कधी पांढरा. हा पंगासियस. आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांमधला मासा. निसर्गात तो मीटरभराच्या पुढे वाढतो आणि त्याचं वजन ४० किलोच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. आपल्या देशात त्याची तळ्यांमध्ये शेती होते, आणि हॉटेलात ‘बासा’ म्हणून जो तुकडा पानात येतो तो बहुतेक वेळा हाच असतो. म्हणजे ताटातला मासा आणि बैठकीच्या खोलीतल्या टँकमधला मासा एकच. एकाचं वजन किलोत मोजतात आणि दुसऱ्याला आपण पन्नास लिटर पाण्यात ठेवतो.

गोल्डफिश. दोन शेपट्यांचा, गोल पोटाचा फॅन्सी गोल्डफिश १५ ते २० सेंटिमीटर होतो. लांब अंगाचा, एका शेपटीचा साधा गोल्डफिश २५-३० पर्यंत जातो. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. आणि तो घाण खूप करतो, कारण सतत खातो.

एंजल. शरीराची लांबी साधारण १५ सेंटिमीटर. पण एंजलची खरी मोजणी उभी करायची असते. वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंत तो २० ते २५ सेंटिमीटर होतो. दोन फुटी टँकची उंची बहुतेक वेळा फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर. खाली वाळू दोन इंच, वर मोकळी जागा दीड-दोन इंच. उरलं किती? एंजलला ताठ उभं राहण्यापुरतंच.

राहिले निऑन. तीन-साडेतीन सेंटिमीटर. यादीतले हे एकटेच, जे आज दिसतात साधारण तेवढेच राहणार आहेत.

दुकानदार फसवतो का?

इथे लोक लगेच दुकानदाराला दोष देतात. मला ते पूर्ण बरोबर वाटत नाही. पिल्लं विकायला आणण्याचं कारण व्यवहाराचं आहे. पैदास करणाऱ्याला मासा मोठा होईपर्यंत पोसणं परवडत नाही, त्याला जागा मोकळी हवी असते. लहान मासे एका पिशवीत शेकड्याने बसतात, प्रवासात प्राणवायू कमी लागतो, मरतात कमी. चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याच्या बाजूने माल येतो तेव्हा हा हिशेब महत्त्वाचा असतो. आणि गिऱ्हाईकही लहानच मासा मागतं. वीतभर सकर दुकानात ठेवला तर कोण घेईल?

म्हणजे व्यवहारातला प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो आणि शेवटी वाढलेला मासा आपल्या घरात असतो. त्यामुळे हा हिशेब करण्याची जबाबदारी आपलीच.

पण दुकानात एक वाक्य ऐकू येतं, त्याबद्दल बोलायलाच हवं. ‘काळजी करू नका, मासा टँकपुरताच वाढतो.’ हे तुम्हीही ऐकलं असेल. यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलंय. लहान टँकमध्ये मोठ्या जातीच्या माशाची वाढ खुंटते, हे खरं. पण का खुंटते? मासा टँक मोजून ठरवत नाही की बाबा, इथे थांबूया. पाण्यात त्याचीच घाण साचते, पोहायला जागा मिळत नाही, ताण सतत असतो. अशा ठिकाणी वाढ मंदावते, पाठ वाकडी होऊ शकते, आणि जो मासा दहा-पंधरा वर्षं जगायचा तो दोन-तीन वर्षांत जातो. मग आपण म्हणतो, ‘मासे काही फार जगत नाहीत.’ जगतात. पोटभर जेवण न मिळालेल्या मुलाची उंची राहिली तर आपण असं म्हणत नाही ना, की मूल घराच्या मापाने वाढलं?

लांबी दुप्पट, वजन आठपट

आता थोडं गणित. घाबरू नका, आठवीचंच आहे.

मासे किती ठेवावेत यासाठी एक जुना नियम इंटरनेटवर सगळीकडे दिसतो: एका गॅलनला एक इंच मासा. अमेरिकन गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. म्हणजे ५० लिटरला साधारण १३ इंच मासा. लक्षात ठेवायला सोपा आहे. लहान, सडपातळ माशांना तो कसाबसा चालतो. मोठ्या माशांना लावला की पूर्ण फसतो.

का? कारण तो लांबी मोजतो, आणि मासा लांबीने खात नाही, शरीराने खातो. एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट झाली तर तिचं घनफळ आठपट होतं. दोन गुणिले दोन गुणिले दोन. माशाचंही तेच. तीन सेंटिमीटरचे दहा निऑन एका रेषेत ठेवले तर तीस सेंटिमीटर होतात. तीस सेंटिमीटरचा एक ऑस्करही तीसच. नियमाच्या दृष्टीने दोन्ही सारखे. पण ऑस्करची लांबी एका निऑनच्या दहापट, म्हणजे वजन साधारण हजारपट. दहा निऑन विरुद्ध हजार निऑन. आणि ऑस्कर अंगाने जाड असतो, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही जास्त.

हेच आपल्या सकरला लावा. सहा सेंटिमीटरचा आणला, छत्तीसचा झाला. लांबी सहापट. वजन? सहा गुणिले सहा गुणिले सहा, २१६ पट. तुम्ही एक मासा आणलात आणि वजनाने दोनशे झाले. तेही ‘टँक साफ ठेवतो’ म्हणून आणलेला. लहानपणी तो काचेवरचं शेवाळ खातो हे खरं, पण मोठा झाला की तोच टँकमधली सगळ्यात जास्त घाण करतो. सकाळी बघा, वाळूवर लांब दोरे पडलेले असतात. शिवाय मोठा सकर कधी कधी गोल्डफिश किंवा एंजलसारख्या संथ माशांच्या अंगाला रात्री चिकटतो आणि त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो.

घाण म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो. मासा जे खातो त्यातून अमोनिया पाण्यात येतो. फिल्टरमध्ये वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य आणि तो आपण दर आठवड्याला पाणी बदलून काढतो. हे जिवाणू तयार व्हायला नव्या टँकमध्ये चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे टँकची ताकद ठरलेली आहे, पण माशांचा भार दर महिन्याला वाढतोय. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात सर्व्हर आजच्या गर्दीवर घेत नाहीत, सणासुदीच्या दिवशी किती गर्दी होईल त्यावर घेतात. टँकलाही तोच नियम: भार वर्षभरानंतरचा धरायचा.

तीन मोजमापं

मग मासा निवडायचा कसा? तीन गोष्टी मोजायच्या. कागद-पेन असेल तर घ्या.

पहिलं, टँकची लांबी. पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीच्या किमान पाच-सहा पट टँकची लांबी हवी. सतत पोहणारा मासा असेल तर आणखी जास्त. दोन फुटी टँक ६० सेंटिमीटरचा. साठ भागिले सहा, दहा सेंटिमीटर. प्रत्यक्षात दोन फुटी टँकला सहा-सात सेंटिमीटरच्या वर जाणारा मासा मी सुचवत नाही, कारण तिथे पाणीही कमी असतं. आपल्या यादीतला सकर, दोन्ही शार्क आणि गोल्डफिश इथेच बाद. एंजलही बाद.

दुसरं, टँकची रुंदी, म्हणजे पुढून मागे किती. मासा वळणार कुठे? माशाच्या लांबीच्या किमान दीड ते दुप्पट रुंदी हवी. दुकानात उंच, अरुंद, शोभेचे टँक मिळतात ना, ते इथे मार खातात. लिटर तेवढेच दिसतात, पण माशाला वळायला जागा नसते आणि पाण्याचा पृष्ठभाग कमी म्हणून हवाही कमी मिसळते.

तिसरं, तोंड. हे सगळे विसरतात. माशांच्या जगात एक साधा नियम आहे: तोंडात मावतं ते अन्न. एंजल स्वभावाने शांत वाटतो, पण तो सिचलिड कुळातला, ऑस्करचा भाऊबंद. निऑन सडपातळ, एंजलचं तोंड वाढत जाणार. सहा महिने दोघं सुखाने राहतात आणि मग एकेका सकाळी निऑन मोजले की एक कमी असतो. लोक म्हणतात एंजल ‘अचानक’ बिघडला. बिघडला काही नाही, मोठा झाला. म्हणून टँकमधला सगळ्यात मोठा मासा, पूर्ण वाढल्यावर, सगळ्यात लहान माशाच्या तिपटीपेक्षा जास्त लांब नसावा. ढोबळ नियम आहे, पण उपयोगी पडतो.

या तिन्हीच्या शेजारी चौथी गोष्ट येते, स्वभाव. टायगर बार्ब सहा-सात सेंटिमीटरचाच, मापात बसतो. पण लांब परांच्या माशांचे पर कुरतडतो. तेव्हा माप जुळलं म्हणजे जोडी जमली असं नाही. आपल्याकडे पत्रिका जुळूनही नंतर काय काय होतं, माहितेय ना.

मग ठेवायचं काय?

आतापर्यंत नुसतं नाही-नाही केलं. आता ठेवायचं काय ते बघू.

दुकानात टँक फुटाच्या हिशेबात मिळतो. दोन बाय एक बाय एक म्हणजे साधारण ५६ लिटर. वाळू, दगड, वरची मोकळी जागा वजा केली की हातात ४५ लिटर पाणी येतं. यात शोभणारे मासे: आठ-दहा निऑन, किंवा आठ हार्लेक्विन रासबोरा, किंवा आठ चेरी बार्ब. यातला एकच घोळका निवडायचा. सोबत तळाशी सहा लहान कोरीडोरास, पाच ते सहा सेंटिमीटरचे. किंवा कोरीऐवजी मध्यभागी हनी गुरामीची एक जोडी. हनी गुरामी चार-पाच सेंटिमीटरची, मधासारख्या रंगाची, आपल्या उपखंडातलीच. एवढं पुरे.

बोअरचं पाणी असेल, जड असेल, तर गप्पी किंवा प्लॅटी घ्या. गप्पी आपल्याला भिंतीवरच्या हिवतापाच्या जाहिरातींमुळे लहानपणापासून माहीत. नर तीन सेंटिमीटरचा, मादी पाच-सहाची. पण इथे आकाराऐवजी आकड्याचा घोळ होतो. मादी साधारण चार आठवड्यांनी वीस-तीस पिल्लं देते. म्हणून दोन फुटीत फक्त नर ठेवा, आठ-दहा. सगळे रंगीत, आणि संसार वाढत नाही.

लहान मासे घोळक्यानेच का? कारण टेट्रा, रासबोरा, कोरी हे निसर्गात झुंडीने राहतात. दोन निऑन, दोन बार्ब, दोन कोरी असं ‘सगळ्यातलं थोडं थोडं’ घेतलं की सगळेच घाबरून कोपऱ्यात बसतात. एका जातीचे आठ एकत्र दिसले की टँक जास्त भरलेला, जास्त जिवंत वाटतो. ज्यांना टँक रिकामा वाटतो त्यांनी मोठा मासा आणण्याऐवजी हे करून बघावं. झाडं लावा, एक घोळका ठेवा.

तीन फुटी टँक, तीन बाय सव्वा बाय सव्वा, म्हणजे साधारण १३० लिटर. इथे पर्ल गुरामीची जोडी येते, दहा-बारा सेंटिमीटरची, सोबत बारा चेरी बार्ब आणि सहा-आठ कोरी. एंजल हवाच असेल तर या मापापासून पुढे विचार करा, आणि निऑनशिवाय. शेवाळ खाणारा हवा असेल तर ब्रिसलनोज प्लेको मागा. तो सकरचाच चुलतभाऊ, नराच्या तोंडावर फांद्यांसारख्या मिशा असतात, पण वाढतो बारा-तेरा सेंटिमीटर. नाव नीट सांगून मागा, नाहीतर पिशवीत पुन्हा कॉमन सकरच येईल. आणि फॅन्सी गोल्डफिशची जोडी हवी असेल तर हा तीन फुटी टँक फक्त त्यांचाच. गोल्डफिशला पाणी थोडं थंड लागतं आणि वाढल्यावर लहान मासे तोही गिळतो. कम्युनिटी टँकमध्ये त्याचं काम नाही.

चार फुटी, चार बाय दीड बाय दीड, साधारण २५५ लिटर. यात डेनिसन बार्बचा सहा जणांचा घोळका फार सुंदर दिसतो. चंदेरी अंग, काळा पट्टा, वर लाल रेघ. अकरा ते पंधरा सेंटिमीटरचा, वेगाने पोहणारा. हा मासा केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या नद्यांमधला, तिथे त्याला ‘मिस केरळ’ म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावातच आता सह्याद्री आहे: सह्याद्रिया डेनिसोनी. निसर्गातून भरमसाट पकडल्यामुळे तो धोक्यात आलेल्या जातींमध्ये मोजला जातो. तेव्हा घेताना पैदास केलेला आहे का, एवढं जरूर विचारा.

एक घरगुती गोष्ट. २५५ लिटर पाणी म्हणजे २५५ किलो. काच, वाळू, दगड धरून तीनशेच्या वर. टीव्हीच्या युनिटवर हे ठेवायचं नाही. स्टँड पक्का हवा, आणि शक्यतो भिंतीलगत, बीमच्या जवळ.

आपला उन्हाळा आणि लाईट जाणं

परदेशी वेबसाइटवरचे माशांचे आकडे थंड घरांसाठी असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात खोलीतलं पाणी ३२ अंशांच्या पुढे जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम, ३२ अंशांना ७.३. आणि त्याच वेळी गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो. दोन्हीकडून कात्री. त्यात दुपारी तीन तास लाईट गेली, फिल्टर बंद, पंप बंद, की सगळ्यात आधी मोठे मासे पाण्यावर तोंड काढतात.

म्हणून पुस्तकी क्षमता असेल त्याच्या तीन चतुर्थांशच मासे ठेवा. ही जागा रिकामी ठेवलेली नाही, ती मे महिन्यासाठी राखून ठेवलेली आहे.

‘नंतर मोठा टँक घेऊ’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त ऐकू येतं. आता छोटा आहे, वाढला की मोठा टँक घेऊ. हेतू चांगला असतो. पण मासा हप्त्यांवर वाढत नाही. ऑस्कर पहिल्या वर्षात महिन्याला जवळपास इंचभर वाढतो. आपल्या घरात मात्र दरम्यान मुलांची फी येते, भाड्याचं घर बदलतं, कुणाचं लग्न निघतं. टँक मागे पडतो. मोठा टँक आधी, मासा नंतर. एवढा क्रम पाळला तरी पुरे.

दुकानात जायच्या आधी एक काम करा. माशाचं नाव विचारून घ्या आणि घरी येऊन शोधा. ‘शार्क’, ‘सकर’ अशा नावांवर थांबू नका, दुकानदार दादांना शास्त्रीय नाव विचारा, नाहीतर फोटो काढून आणा. फिशबेस नावाची मोफत वेबसाइट आहे, तिथे प्रत्येक जातीची कमाल लांबी मिळते. तिथे एक बारकावा बघा: काही ठिकाणी लांबी शेपटी धरून असते, काही ठिकाणी शेपटी सोडून. शेपटी सोडून असेल तर थोडी वाढवून धरा. हे शोधायला पाच मिनिटं लागतात. मासा पुढे दहा वर्षं घरात राहणार आहे. त्याच दिवशी विकत घ्यायची घाई करू नका, मासा पळून जात नाही.

आणि जो आधीच वाढलाय त्याचं?

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. टँकमध्ये सकर फूटभराचा झालाय, शार्क काचेवर डोकं आपटतोय. घरात कुणीतरी म्हणतं, ‘जाऊ दे, तलावात सोडून येऊ. बिचारा मोकळा होईल, पुण्य लागेल.’

कृपा करून हे करू नका.

सकर दक्षिण अमेरिकेतला. आपल्या पाण्यात त्याला खाणारं फारसं कुणी नाही, कारण अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत आणि परांना कडक काटे. केरळ, आंध्र, तेलंगण, पश्चिम बंगाल या राज्यांमधल्या पाण्यांत तो पसरल्याच्या नोंदी आहेत. तो काठाच्या मातीत बिळं करतो, तिथे अंडी घालतो, काठ ढासळतात. मासेमाराच्या जाळ्यात अडकला की काट्यांनी जाळं फाडतो, आणि बाजारात त्याला भाव नाही. म्हणजे आपलं पुण्य आणि भुर्दंड कोळ्याच्या माथी.

आणि सकर एकटा नाही. २०१८ च्या केरळच्या पुरानंतर तिथल्या नद्यांमध्ये ॲमेझॉनचा अरापायमा सापडला, जो दोन मीटरच्या पुढे वाढतो. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला. उत्तर अमेरिकेतला, मगरीसारख्या लांब तोंडाचा मासा. दल सरोवरात तो पोहत पोहत नक्कीच आलेला नाही. कुणीतरी कधीतरी तो लहान, गमतीदार म्हणून आणला असणार. हे दोन्ही मासे आपल्याकडे शोभेचे मासे म्हणूनच विकले जातात, पिल्लं असताना.

मग करायचं काय? ज्या दुकानातून आणला तिथे परत द्या. पैसे मिळणार नाहीत, पण बरेच दुकानदार घेतात. प्रत्येक शहरात मासे पाळणाऱ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, तिथे विचारा, कुणाकडे सहा फुटी टँक किंवा बंदिस्त सिमेंटचा हौद असतो. हौद म्हणजे बंदिस्तच, ओढ्याला किंवा विहिरीला जोडलेला नको. आणि काहीच सोय होईपर्यंत खाणं बेताचं ठेवा, आठवड्यातून दोनदा पाणी बदला, बाकीचे मासे कमी करा. म्हणजे त्याला निदान श्वास घेता येईल.

तर आपले ते तेरा मासे. त्यातले सहा निऑन दोन फुटीत राहतील, आणखी दोन-चार आणून त्यांचा घोळका पूर्ण करा. बाकीचे सात वाईट मासे नाहीत. ते दुसऱ्या, मोठ्या घरचे आहेत. सकर सहा फुटी टँकमध्ये शोभतो, बाला शार्कला मोठा हौद हवा, गोल्डफिशला स्वतःचा टँक, एंजलला उंची. पंगासियसला तर नदीच.

पुढच्या भागात याच दोन फुटी टँकमध्ये झाडं कोणती टिकतात ते बघू. तुमच्याकडे टँक असेल तर त्याची लांबी, रुंदी, उंची आणि माशांची नावं कमेंटमध्ये लिहा, मापं बघून काय जमेल ते सांगेन. आणि या रविवारी दुकानात गेलात, तर सोबत एक मोजपट्टी ठेवा. माशासाठी नको, तुमच्याच टँकसाठी.

भेटूया.